घरगुती म्हणजे कोण?

आमच्या पोलीस ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की पहिला प्रश्न येईल, लिहायची परवानगी कोणी दिली. आणि दुसरा, ड्युटीतून लिहायला वेळ कसा मिळाला. गंगापूर रोडने शहराकडे आलात की उसाची एक रसवंती लागते, रसवंतीपुढे जप्त केलेल्या मोटारसायकलींचा ढीग लागतो आणि ढिगामागे आम्ही. एवढा पत्ता पुरे.

प्रत्येक ठाण्यात एक हजेरी मास्तर असतो. कोणी कुठल्या चौकात उभं राहायचं, कोणाला बंदोबस्ताला पाठवायचं, कोणाची साप्ताहिक सुट्टी द्यायची आणि कोणाची पुढे ढकलायची, हे तो ठरवतो. मोठे साहेब दोन-दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे त्यांची भीती दोन वर्षांपुरतीच. हजेरी मास्तरांची मात्र रोज सकाळी नव्याने वाटते. आमचे मास्तर म्हणजे सहायक फौजदार पुंजा निरगुडे. दिंडोरीकडचे. वय छप्पन्न, डोक्यावर केस कमी आणि कानांत भरपूर, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. मोबाइलवर बोलताना तो तोंडासमोर आडवा धरतात आणि दिंडोरीपर्यंत आवाज स्वतःच पोहोचवायचा असल्यासारखे ओरडतात. मी उज्वला पगारे, हवालदार. चार वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून हजेरीच्या कामात मदत करते. माझा एक कान गेल्यातच जमा आहे.

मला खात्यात आणलं तेही यांनीच. चौदा वर्षांपूर्वी आम्ही इंदिरानगरला राहायचो आणि मास्तर मागच्या गल्लीत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. रोज सकाळी सिटी बस सुटायची आणि मी तिच्यामागे पळायची. दुधाची पिशवी घेऊन येणारे मास्तर ते बघायचे. एक दिवस त्यांनी सरळ माझ्या आईला गाठलं.

"वहिनी, तुमची पोरगी बशीमागं लय चांगली पळती. तेच जरा ग्राउंडावर पळाली तर पोलिसात लागंल."

आईला ते पटलं. मला विचारलंच नाही. अडचण एकच होती. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते आणि संध्याकाळी दाराच्या चौकटीला उभं करून मास्तरांनी मला मोजलं तर मी कशीबशी एकशे चोपन्नच्या पुढे. आईने कपाळाला हात लावला. मास्तर मात्र शांत.

"माणूस सकाळी लांब असतो," ते म्हणाले. "दिवसभर उभं राहून दबतो. हिला भरतीच्या दिवशी उठूच देऊ नका."

भरतीला येणाऱ्या काठावरच्या पोरापोरींना ही युक्ती ठाऊक असते, पण आमच्या गल्लीला नव्हती. भरतीच्या दिवशी पहाटे मला गादीसकट उचलून मामाच्या टेम्पोत आडवं ठेवलं. अंगावर पांघरूण. शेजारच्या आजी बाहेर आल्या, त्यांनी टेम्पोत डोकावून बघितलं आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. "काल तर चांगली होती गं," म्हणाल्या. मी खालून म्हटलं, "आजी, मी आहे." त्यावर त्या आणखी जोरात रडल्या. मैदानाच्या गेटाबाहेर माझ्यासारखे आणखी चार उमेदवार निरनिराळ्या गाड्यांत आडवे होते. मी इतकी मन लावून आडवी झाले की मला गाढ झोप लागली आणि माझा नंबर पुकारला तेव्हा आईने कानाखाली वाजवून उठवलं. मोजलं तर एकशे पंचावन्न पूर्णांक एक. त्या एका मिलिमीटरावर मी आज हवालदार आहे.

मास्तर हे अजून सगळ्यांना सांगतात. नवा साहेब आला की ओळख करून देतात, "ही उज्वला. आडवी होऊन खात्यात आली." साहेब लोक माझ्याकडे बघतात आणि काय विचारावं हे त्यांना कळत नाही.

आता मुद्द्याचं. पोलिसात लागण्यासाठी पोरं तीन-तीन वर्षं जीव काढून पळतात, आणि लागल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी त्यातल्या पुष्कळांच्या मनात नोकरी सोडायचं येतं. यात खोटं काही नाही. घरी सण आणि आपण चौकात, घरी आजारपण आणि आपण बंदोबस्तात. मग एक दिवस कोणीतरी राजीनामा लिहून आणतं. नियमाने तो साहेबांमार्फत वर जायला हवा. आमच्याकडे तो आधी मास्तरांच्या टेबलावर येतो. असा नियम कुठेही नाही, मी शोधून पाहिलंय.

मास्तर कागद हातात घेतात, चष्मा वर सरकवतात, तो परत खाली येतो. पूर्ण वाचतात. मग म्हणतात, "कारण स्पष्ट नाय."

कारण सगळ्यांचं एकच असतं. 'घरगुती कारणास्तव.'

"घरगुती म्हणजे कोण?" मास्तर विचारतात. "घर काय बोलतं का? कोणासाठी सोडतो, त्याचं नाव लिही."

माणूस चिडतो, मग विचारात पडतो, मग नाव लिहितो. आई, बायको, पोरगी, कोणीतरी. नाव लिहिलं की मास्तरांचं दुसरं कलम. "ज्याचं नाव, त्याची ना हरकत आण. लेखी." त्या माणसाने 'माझी हरकत नाही' असं लिहून दिलं तर मास्तर स्वतः कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जातात. कुणी तलाठी झालं, कुणाला बँकेत लागलं, अशा चौघांना त्यांनी पेढे खाऊन सोडलंय. पण त्या माणसाने 'हरकत आहे' लिहिलं, तर राजीनामा जांभळ्या कव्हरच्या एका फाईलमध्ये जातो आणि राजीनामा देणाऱ्याला दोन दिवस सुट्टी. सक्तीची. ज्याचं नाव लिहिलं त्याच्याजवळ जाऊन बसायचं. फाईलवर लिहिलंय 'संकीर्ण'. गेल्या दसऱ्यापर्यंत तिच्यात एकोणीस राजीनामे होते, आणि ते एकोणीसही जण नोकरीत आहेत.

त्यांतला एक माझा. माझा मुलगा आयुष पाच वर्षांचा होता, नवऱ्याची अंबडच्या कंपनीत शिफ्ट, आणि मी सलग तीन गॅदरिंग चुकवली होती. मी नाव लिहिलं आयुष. मला वाटलं पाच वर्षांच्या पोराची लेखी ना हरकत कुठून आणणार, इथे मास्तर अडकले. रविवारी मास्तर शाईचं पॅड खिशात घालून आमच्या घरी हजर.

"आईनं नोकरी सोडावी का रं?" त्यांनी आयुषला विचारलं.

आयुषने विचार केला. "शिटी परत द्यावी लागेल?"

"हां. शिटी, पट्टा, टोपी, समदं सरकारजमा."

"मग नको," आयुष म्हणाला.

मास्तरांनी कागदावर लिहिलं, 'हरकत आहे. कारण : शिटी', आणि त्याचा अंगठा उठवून घेतला. शाईचा दुसरा अंगठा आमच्या नव्या सोफ्यावर उठला, तो अजून आहे. पोटच्या पोराने मला शिटीसाठी विकलं याचा राग मला दोन दिवस पुरला, आणि त्या दोन दिवसांत मी भरपूर झोपले. नंतर सहा महिने मास्तरांनी मला दिवसाची ड्युटी लावली आणि गॅदरिंगच्या दिवशी न मागता सुट्टी. या सुट्ट्या कुठून येतात, विचारलं की म्हणायचे, "हाय शिल्लक." हजेरीच्या टेबलावर बसल्यावर मला कळलं कुठून ते. जो सुट्टीवर जाई त्याच्या चौकात मास्तर स्वतः जाऊन उभे राहत. वहीत सगळ्यांच्या नावापुढे कधी ना कधी सुट्टी लिहिलेली असते. त्यांच्या नावापुढे, एकदा पाय मुरगळून आठ दिवस घरी होते तेवढं सोडलं, तर नव्हतीच.

मागे एकदा वरून पत्र आलं. मनुष्यबळ टिकवण्यासाठी आपल्या स्तरावर काय उपाययोजना केल्या, तीन पानांत माहिती पाठवा. साहेबांनी ते मास्तरांकडे सरकवलं. मास्तरांनी तीन पानांच्या जागी एक ओळ लिहून पाठवली, 'कर्मचाऱ्यास विचारतो.' पुन्हा पत्र आलं नाही.

हे सगळं इतकं छान चाललं होतं की मास्तरांना थोडा गर्व झाला होता असं माझं मत आहे. आता दीपकचं सांगते.

दीपक गांगुर्डे आमच्याकडे शिपाई, अठ्ठावीस वर्षांचा, दिंडोरीच्या पुढच्या एका वस्तीवरचा. मास्तरांच्या गावापासून चार किलोमीटर, म्हणून मास्तर त्याच्यावर जरा जास्तच हक्क दाखवायचे आणि तोही त्यांच्याशी ड्युटीवरून हुज्जत घालायचा. त्याच्या वडिलांना, धोंडीरामबाबांना, छातीचं दुखणं सुरू झालं. घरी ते आणि आई, दोघंच. गेल्या श्रावणात दीपकने राजीनामा आणला. घरगुती म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक होतं. त्याने आधीच नाव लिहून आणलं होतं. धोंडीराम गांगुर्डे, वडील.

वडिलांची ना हरकत आणायला मास्तर त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर गेले, मागे मी. मला नेलं कारण मास्तरांना दुसऱ्याचं अक्षर लागत नाही. धोंडीरामबाबा ओट्यावर बसून द्राक्षाच्या छाटणीची कात्री दगडावर घासत होते. पन्नास वर्षं लोकांच्या बागा छाटलेला माणूस. डॉक्टरांनी काम बंद सांगितलं होतं, तरी कात्रीला धार लावणं चालूच. मास्तरांनी विषय काढला तसे ते उसळले.

"माझ्यासाठी नोकरी सोडतो? मला इचारलं का त्यानं? पोरगं पोलिसात हाय म्हणून बागायतदार मला बसा म्हणत्यात. नायतर बांधावरच उभा असायचो मी."

त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'दीपकने नोकरी सोडायला माझी हरकत आहे. मी काय आज मरत नाही.' दीपकच्या आईने चहा ठेवला होता, पण मास्तर एवढे खूश झाले होते की चहा न घेताच निघाले. निघताना शब्द दिला, "बाबा, दर पंधरा दिवसांनी पोरगं दोन दिवस घरी. पुंजा निरगुड्याचा शब्द." परत येताना वाटेभर हसत होते. 'मी काय आज मरत नाही,' हे वाक्य त्यांनी मला म्हसरूळ येईपर्यंत पाच वेळा म्हणून दाखवलं.

शब्द त्यांनी पाळला. एक पंधरवडा, दुसरा पंधरवडा. मग गणपती आले. गणपतीत दहा दिवस सगळ्यांच्या सुट्ट्या बंद, वरचा हुकूम. दीपकचे दोन दिवस नेमके त्यात आले. त्याने मागितले नाहीत, मास्तरांनी दिले नाहीत. विसर्जन झालं की एकदम चार देऊ, असं मला म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते, मी साक्षीदार आहे.

विसर्जनाच्या दिवशी दीपकची ड्युटी मेन रोडच्या कोपऱ्यावर लागली. मास्तरांनी लावली, वहीत अक्षर माझं. दुपारी ढोल-ताशा सुरू झाले की तिथे शेजारच्या माणसाची हाकही ऐकू येत नाही, खिशातला फोन कुठून येणार. साडेपाचला एक मंडळ पुढे गेलं, जरा उसंत मिळाली आणि दीपकने फोन बघितला. आईचे अकरा मिस्ड कॉल होते. धोंडीरामबाबा चार वाजताच गेले होते.

दीपक चौदा दिवसांनी परत आला, डोकं भादरलेलं. टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "हजर आहे, मास्तर." तेवढंच. त्या दिवसापासून तो हुज्जत घालेना. कुठलीही ड्युटी सांगा, "हो मास्तर." नको तो चौक द्या, "हो मास्तर." त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मास्तर बरे झाले असते. ते बिचारे त्याला मुद्दाम वाईट ड्युटी लावून बघायचे, तरी "हो मास्तर." मास्तरांचा आवाज उतरला. फोनवर आपल्यासारखे बोलायला लागले. मला ते अजिबात आवडलं नाही.

दसरा झाल्यावरच्या सोमवारी, सकाळची हजेरी संपली तसा मास्तरांनी माझ्याकडे एक कागद सरकवला.

"साहेबांकडं दे."

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. दोन वर्षं राहिली असताना. खाली लिहिलं होतं, 'घरगुती कारणास्तव.'

मला आधी हसू आलं, मग राग आला. एकोणीस जणांना धरून ठेवलं, शाईचं पॅड घेऊन लोकांच्या घरात घुसले, आणि आता स्वतः मागच्या दाराने निघाले होते. मी चष्मा लावत नाही, तरी नाकावर बोट ठेवून वर सरकवल्यासारखं केलं.

"कारण स्पष्ट नाही," मी म्हटलं.

"उज्वले, गंमत नको."

"घरगुती म्हणजे कोण? नाव लिहा."

"तू मला नियम शिकवती?"

"नियम तुमचाच आहे. सरकारी नाहीच तो."

त्यांनी कागद ओढून लिहिलं, 'सुमन.' म्हणजे त्यांच्या पत्नी, सुमनबाई. मी कागद उचलला आणि जेवणाच्या सुट्टीत थेट इंदिरानगर गाठलं.

सुमनबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी कागद वाचला, परत वाचला.

"मी कधी म्हटलं सोडा म्हणून? मागं पाय मुरगळला तेव्हा आठ दिवस घरी होते. मला ओरडून विचारायचे, किचनमधे कोण हाय, गॅलरीत कोण हाय, गच्चीवर गेलेलं कोण अजून आलं नाय. मोलकरणीला म्हणाले, उशीर का झाला, लेखी दे. तिनं काम सोडलं." मग मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "ते नाव माझं नाही गं. जेवायला बसतात आणि ताटाकडं बघत दीपक जेवला असंल का म्हणतात. त्यांना त्या पोराच्या समोर बसवत नाही आता. एवढंच हाय."

त्यांनी लिहून दिलं, 'हरकत आहे. माझ्या घरात हजेरी चालणार नाही. सुमन निरगुडे.'

मास्तरांनी ते वाचलं आणि हसले नाहीत. पेन घेतलं, सुमन खोडलं, आणि त्याच्याखाली सावकाश लिहिलं, 'दीपक धोंडीराम गांगुर्डे.'

"झालं? आता दे साहेबांकडं."

"ज्याचं नाव, त्याची ना हरकत," मी म्हटलं आणि जांभळी फाईल काखेत मारली.

"त्याला इचारायचं नाय!" मास्तर उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ते ओरडले होते. "कोणत्या तोंडानं इचारणार तू त्याला? त्याच्या बापाला मी शब्द दिला व्हता. राजीनामा मीच अडवला, ड्युटी मीच लावली. तो गेला असता घरी, तर बापाजवळ असता."

खरं होतं ते. मी तरी गेले, कारण नाही गेले असते तर तो अर्ज साहेबांच्या टेबलावर पोहोचला असता, आणि नव्या साहेबांनी तो पाच मिनिटांत मंजूर करून टाकला असता.

दीपक गंगापूर रोडवरच्या सिग्नलला उभा होता. दोन वाजता त्याची सुटका होती. मी स्कूटर कडेला लावली आणि अर्ज त्याच्या हातात दिला. तो वाचत असताना दोन रिक्षा आणि एक दुधाची गाडी लाल सिग्नल तोडून गेल्या. त्याला कळलं नाही, आणि मी साध्या कपड्यांत नसूनही त्यांनी मला मोजलं नाही.

"माझं नाव कशाला घातलं यात?" तो म्हणाला.

"तूच सांग."

फाईल उघडी होती. तिच्यात वरच त्याचा श्रावणातला राजीनामा होता आणि त्याला टाचलेला वडिलांचा कागद. तो त्याला दाखवायचा असं मी काही ठरवलं नव्हतं. त्यालाच अक्षर दिसलं. मास्तरांनी त्याला तेव्हा तोंडी सांगितलं होतं, वडील नको म्हणाले. कागद त्याने कधी बघितलाच नव्हता. 'मी काय आज मरत नाही.' दीपक एकदम हसला, मोठ्याने. मग त्याने तोंड सिग्नलकडे फिरवलं आणि पाठ माझ्याकडे केली. त्याचे खांदे हलत होते. मी पुढे होऊन शिटी वाजवली आणि दोन मिनिटं त्याचा चौक सांभाळला. आयुषने वाचवलेली शिटी तेवढी कामाला आली.

"पेन द्या, ताई," तो मागून म्हणाला. "पण कागद तुमच्याकडं देणार नाय. मी स्वतः येतो."

अडीच वाजता तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. मास्तर हजेरीच्या वहीत काहीतरी शोधत असल्यासारखं करत होते. वही उलटी होती. दीपकने कागद पुढे ठेवला. मास्तरांनी चष्मा वर सरकवला, खाली आला, परत सरकवला, आणि शेवटी कागद माझ्याकडे दिला.

"वाच. मला अक्षर लागत नाय."

मी वाचलं. "मास्तरांनी नोकरी सोडायला माझी हरकत आहे. मी त्यांच्यावर रागावलेलो आहे. माझा राग अजून गेलेला नाही आणि कधी जाईल ते सांगता येत नाही. ते निघून गेले तर मी रागवायचं कोणावर? तरी मास्तरांनी याच टेबलावर हजर राहावं, ही विनंती."

बाहेर कोणीतरी जप्त मोटारसायकल सोडवायला आलं होतं आणि ठाणे अंमलदाराशी भांडत होतं. मास्तरांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला आणि स्वतः वाचला. म्हणजे अक्षर लागत होतं.

"कारण स्पष्ट हाय," ते म्हणाले.

त्यांनी आपला अर्ज फाईलमध्ये ठेवला, त्यावर सुमनबाईंचा कागद, त्यावर दीपकचा, आणि नाडी बांधली. विसावा. मी म्हटलं, "हरकत आली की दोन दिवस सुट्टी. शनिवार, रविवार. ज्याचं नाव लिहिलं त्याच्याजवळ बसायचं." मास्तर दीपककडे न बघता म्हणाले, "तुला पण दोन दिवस. शनिवारी घरी सोडतो तुला गाडीवर."

"नको. मी बसनं जाईन," दीपक म्हणाला.

रागावलेला होता ना. लेखी दिलं होतं त्याने. तो वळला, दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"माझ्या चौकाचं काय? दोघांच्या सुट्टीत तिथं कोण उभं राहणार?"

"मी राहते," मी म्हटलं.

दीपकने मान हलवली. मग मास्तरांना म्हणाला, "रविवारी या घरी. आई म्हणत व्हती, मागं आले तेव्हा चहा ठेवलेला तसाच राहिला."

तो गेला. मास्तरांनी वही सुलट केली, रविवारचा रकाना शोधला, आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलं, सुट्टी.